मुस्लिम वाचकाने अभिजात इंग्रजी साहित्य वाचायला कसे घ्यावे

शाळेत इंग्रजी शिकलेली, नोकरीत रोज इंग्रजी वापरणारी, पण इंग्रजीतील जुनी थोर पुस्तके कधीच न उघडलेली तरुण मुस्लिम मंडळी मला नेहमी भेटतात. कारण विचारले की दोन अडचणी पुढे येतात. पहिली भाषेची असते : वाक्ये लांबलचक, शब्द जुने, आणि शब्दकोश घेऊन बसले तरी एका पानाला अर्धा तास लागतो. दुसरी अडचण जरा हळू आवाजात सांगितली जाते. या पुस्तकांत चर्च आहे, मद्य आहे, नाचाचे जलसे आहेत, लग्नाआधीचे प्रेम आहे आणि मधूनच ‘तुर्क’ किंवा ‘मूर’ म्हणून आपल्या लोकांविषयी वाकडा शब्दही आहे. मग ती आपण का वाचावीत?

मी खेड तालुक्यातील एका मोहल्ल्यात राहते आणि गेली काही वर्षे दर रविवारी आठ-दहा मुलामुलींना सोबत घेऊन ही पुस्तके वाचते. या वाचनाचा मला दिसलेला सर्वांत मोठा लाभ असा की, लहानपणापासून पाठ असलेली आयत एखाद्या परक्या पुस्तकाच्या पानाशेजारी ठेवली, की आयतही नव्याने कळते आणि पुस्तकही. ही संधी प्रत्येक वाचकाला मिळत नाही. आपल्याला ती आयती मिळालेली आहे. म्हणून आपला दीन (धर्म), आपल्या घरचे रीतिरिवाज आणि आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी हे सगळे सोबत घेऊनच पुस्तक उघडावे, असे माझे सांगणे आहे. ते कसे करायचे, हे पुढे क्रमाने लिहिले आहे.

पहिली पायरी : नियत ठरवणे

कर्मांची किंमत इराद्यावरून ठरते, ही हदीस आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. वाचनालाही ती लागू आहे. परीक्षेसाठी, लोकांवर छाप पाडण्यासाठी किंवा आपण मागासलेले नाही हे दाखवण्यासाठी जो वाचतो, तो तिसऱ्या प्रकरणापर्यंत कंटाळतो. माणसे कशी जगतात, कशाला भुलतात आणि कशाने सावरतात हे जाणून घेण्यासाठी वाचायचे आहे, असे मनाशी ठरवावे. ‘हे माझ्या रब, माझे ज्ञान वाढव’ ही सूरह ताहामधील दुआ या कामासाठी पुरेशी आहे. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने माणसांना वेगवेगळी राष्ट्रे आणि कबिले केले ते एकमेकांना ओळखण्यासाठी, असे म्हटले आहे. आणि सूरह जुमरमध्ये, जे बोललेले लक्षपूर्वक ऐकतात आणि त्यातील उत्तमाचे अनुसरण करतात, अशा बंद्यांना शुभवार्ता दिली आहे. ऐकल्याशिवाय उत्तम कोणते हे निवडता येत नाही.

काही जण सूरह शुअराचा हवाला देतात. भरकटलेले लोक कवींच्या मागे जातात, असे तिच्या अखेरीस आले आहे, हे खरे आहे. परंतु त्याच ठिकाणी श्रद्धावंत, सत्कर्मी कवींना त्यातून वगळलेही आहे, आणि स्वतः पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सहवासात हस्सान बिन साबित (र.) यांच्यासारखे कवी होते. तरीही शंका सलत राहिली, तर आपल्या विश्वासातील आलिमांना नेमके पुस्तक आणि नेमके पान दाखवून विचारावे. ‘इंग्रजी कादंबऱ्या वाचाव्यात का’ असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघमच मिळते. मला येथे एका शब्दाची आठवण होते : अरबी आणि उर्दूत ‘अदब’ म्हणजे साहित्य आणि ‘अदब’ म्हणजे शिष्टाचारही, मराठीत आपण ‘अदबीने बोलणे’ म्हणतो तो हाच शब्द.

दुसरी पायरी : जुन्या इंग्रजीची कानाला सवय लावणे

नवख्या वाचकाला सर्वांत जास्त अडवतात ते ‘दाउ’, ‘दी’, ‘दाय’, ‘हॅथ’ असे शब्द. ‘दाउ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, ‘दाय’ म्हणजे तुझे आणि ‘हॅथ’ म्हणजे ‘हॅज’, एवढे एका दमात शिकता येते; परंतु सवय व्हायला वेळ लागतो. यासाठी मी एक उपाय सुचवते, जो मुस्लिम वाचकालाच साधण्यासारखा आहे. ज्या सूरह आपल्याला पाठ आहेत आणि ज्यांचा अर्थ आपण जाणतो, त्या आधी मार्मड्यूक पिक्थॉल आणि अब्दुल्लाह यूसुफ अली यांच्या जुन्या इंग्रजी अनुवादांत मोठ्याने वाचाव्यात. यूसुफ अली यांच्या अनुवादात सूरह फातिहातील ओळ ‘दी डू वुई वर्शिप, अँड दाइन एड वुई सीक’ अशी आहे. ‘आम्ही तुझीच उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो’ हा अर्थ आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे ‘दी’ आणि ‘दाइन’ हे शब्द कोशाशिवाय उलगडतात. कुरआनच्या अखेरच्या पाऱ्यातील, म्हणजे भागातील, दहा-बारा छोट्या सूरह अशा वाचून झाल्या की शेक्सपिअरच्या भाषेची भीती निम्मी होते.

हे दोघे अनुवादक कोण होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. पिक्थॉल हे मूळचे इंग्रज कादंबरीकार. 1903 मध्ये त्यांची ‘सईद द फिशरमन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, 1917 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले, 1920 मध्ये ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून मुंबईत आले, पुढे निजामाच्या हैदराबादेत नोकरीला राहिले आणि 1930 मध्ये त्यांचा कुरआनचा अनुवाद प्रकाशित झाला. यूसुफ अली मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकले आणि मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झाले; त्यांचा अनुवाद 1934 पासून लाहोरमध्ये भागाभागाने निघाला. जगभरातील लक्षावधी मुसलमान आज कुरआनचा अर्थ ज्या इंग्रजीत वाचतात, ती इंग्रजी या दोघांनी इंग्रजी साहित्य वाचूनच कमावली होती. उर्दू शाळेत शिकलेल्यांना आणखी एक धागा सापडेल : इक्बाल यांची मुलांसाठीची ‘हमदर्दी’ ही बुलबुल आणि काजव्याची कविता इंग्रज कवी विल्यम कूपर याच्या कवितेवर आधारलेली आहे.

तिसरी पायरी : पहिले पुस्तक

पहिले पुस्तक म्हणून मी चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ सुचवते. नाव ऐकूनच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून कारणे जरा विस्ताराने सांगते.

हे पुस्तक छोटे आहे. डिसेंबर 1843 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कथेचे पाच भाग आणि अंदाजे 28 हजार शब्द आहेत. मिनिटाला 100 शब्द अशा संथ गतीने रोज 20 मिनिटे वाचले, तर दोन आठवड्यांत ते पूर्ण होते. मूळ पुस्तक प्रताधिकारमुक्त असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि लिब्रिव्हॉक्सवर ते ऐकताही येते. ऐकता ऐकता डोळ्यांनी वाचले तर उच्चारांचा प्रश्न सुटतो.

पण खरे कारण वेगळे आहे. कथेचा नायक स्क्रूज हा लंडनमधील श्रीमंत कंजूष. नाताळच्या आदल्या दिवशी दोन सद्गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला त्याच्या कचेरीत येतात. तो विचारतो, तुरुंग नाहीत का, कामघरे बंद पडली का? कामघरे म्हणजे निराधारांना कसेबसे जगवून राबवून घेणाऱ्या सरकारी कोठड्याच. तेथे जाण्यापेक्षा अनेक जण मरण पत्करतील, असे ते गृहस्थ सांगतात, तेव्हा स्क्रूजचे उत्तर असे की मग त्यांनी मरावे आणि जादा लोकसंख्या कमी करावी. हे पान वाचून झाल्यावर सूरह माऊन काढावी. दीनला खोटे ठरवणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर तेथे असे आहे : जो अनाथाला ढकलून देतो आणि गरिबाला जेवू घालण्यास कोणाला प्रवृत्त करत नाही, तो. सात आयतींची ही सूरह आपण नमाजमध्ये कितीदा तरी म्हणतो. पण ‘प्रवृत्त करत नाही’ या शब्दांवर माझे लक्ष पहिल्यांदा थांबले ते स्क्रूजच्या कचेरीतील तो प्रसंग वाचल्यावर.

त्याच रात्री स्क्रूजचा सात वर्षांपूर्वी मेलेला भागीदार मार्ले याचे भूत येते. त्याच्या कमरेभोवती लांब साखळी असते आणि ती बनलेली असते तिजोऱ्या, किल्ल्या, कुलुपे, खातेवह्या, दस्तऐवज आणि पोलादी थैल्यांची. आयुष्यभर कडी कडी जोडून ही साखळी मी स्वतःच घडवली, असे तो सांगतो.

मी हे पुस्तक पहिल्यांदा घरी आणले तेव्हा मुखपृष्ठ पाहून नानीने विचारले होते, ‘हे नाताळाचं पुस्तक आपल्या घरात कशाला गं?’ मी वाद न घालता तिला मार्लेची गोष्ट सांगायला बसले. ती सुपारी कातरत ऐकत होती. साखळीचे वर्णन आले तसा तिचा अडकित्ता थांबला. ‘ही तर आलि इम्रानमधली गोष्ट झाली,’ ती म्हणाली आणि तिने त्या सूरहमधली आयत म्हणून दाखवली : अल्लाहने आपल्या कृपेने दिलेल्यात जे कंजुषी करतात, त्यांनी साठवलेले तेच धन कियामतच्या दिवशी त्यांच्या गळ्यात अडकवले जाईल. नंतर अडकित्ता पुन्हा हातात घेत ती म्हणाली, ‘बरं, मग त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं?’ त्या आठवड्यात रोज मगरिबनंतर मी तिला थोडे थोडे पुस्तक मराठीत सांगत गेले.

जे आपल्या अकीद्याशी, म्हणजे श्रद्धेशी, जुळत नाही, तेही स्पष्टपणे पाहावे. मेलेला माणूस परत येऊन बोलतो, ही कल्पना आपण कथेतील युक्ती म्हणूनच घ्यावी. सूरह मूमिनूनमध्ये मरणारा माणूस विनवतो की मला परत पाठव, म्हणजे मी मागे सोडलेल्यात काही चांगले करीन. आणि त्याला नकार मिळतो, कारण त्याच्यापुढे पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत बरजख, म्हणजे आड येणारा पडदा, आहे. मार्लेची तळमळ नेमकी या विनवणीसारखी आहे. फरक इतकाच की डिकन्सने त्याला येऊन मित्राला सावध करण्याची मुभा दिली.

दुसऱ्या भागात एक आनंदाची जागा आहे. शाळेत सुट्टीत एकटाच मागे राहिलेला लहानगा स्क्रूज पुस्तक वाचत बसलेला दिसतो, आणि खिडकीबाहेर कंबरपट्ट्यात कुऱ्हाड खोचलेला, लाकडांनी लादलेल्या गाढवाचा लगाम धरलेला परदेशी पोशाखातील माणूस उभा राहतो. म्हातारा स्क्रूज हर्षाने ओरडतो की हा तर अलीबाबा! इंग्रज मुलाच्या एकाकीपणाला सोबत करायला अरबी कथेतील माणूस आला, हे वाचताना माझ्या गटातील मुलांचे चेहरे खुलतात. डिकन्सला हा एकाकीपणा ठाऊक होता. 1824 मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले तेव्हा बारा वर्षांचा डिकन्स बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता.

चौथी पायरी : वही

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि तिची समोरासमोरची दोन पाने एका वेळी वापरावीत. डाव्या पानावर पुस्तकात काय घडले ते, म्हणजे कोण काय बोलले आणि कोणाला बोलले, ते लिहावे. उजव्या पानावर आपल्याला काय आठवले ते लिहावे : एखादी आयत, हदीस, घरातील प्रसंग, किंवा नुसता राग. डावे पान पूर्ण झाल्याशिवाय उजव्या पानाला हात लावू नये, हा नियम मी फार कडकपणे पाळायला लावते, कारण नवखा वाचक पुस्तक काय म्हणते ते पुरते ऐकण्याआधीच त्याच्याशी भांडू लागतो किंवा त्याला मान डोलावू लागतो. एका पानावर पाचपेक्षा जास्त शब्दांसाठी कोश उघडू नये. बाकीचे संदर्भाने कळतात. एखादा प्रसंग वाचताना संकोच वाटला तर तो ओलांडून पुढे जाण्यात कमीपणा नाही. फक्त पान क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

पाचवी पायरी : घरातील कादंबरी

यानंतर जेन ऑस्टिनची 1813 सालची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्यावी. पाच बहिणींच्या लग्नांची ही कादंबरी मुस्लिम घरात वाढलेल्या वाचकाला अजिबात परकी वाटत नाही : स्थळांची चौकशी, मुलाच्या वार्षिक उत्पन्नाची चर्चा, आईची घाई, एका मुलीच्या वागण्याने सगळ्या बहिणींच्या लग्नांवर येणारे सावट. शार्लट ही 27 वर्षांची शहाणी मैत्रीण न आवडणाऱ्या माणसाशी केवळ घर मिळावे म्हणून लग्न करते, आणि लेखिका तिची चेष्टा करत नाही. मिस्टर बेनेट हे वडील विनोदी आहेत, वाचक त्यांच्यावर जीव लावतो. पण वली, म्हणजे पालक, म्हणून मुलींची जबाबदारी त्यांनी टाळली, धाकट्या लिडियाला समजावूनही न थांबवता ब्रायटनला जाऊ दिले, आणि तिच्या पळून जाण्याचे मूळ तेथे आहे. ‘वली’ ही कल्पना मनात असलेल्या वाचकाला हे लवकर दिसते.

या कादंबरीतील एक गोष्ट मात्र समजावून घ्यावी लागते. बेनेट यांची जमीन पाच मुलींपैकी एकीलाही मिळणार नाही, ती दूरच्या पुरुष नातेवाइकाला, मिस्टर कॉलिन्सला जाणार आहे, कारण मिळकतीवर तसे कायदेशीर बंधन आहे. आईची सारी घाई त्यातून येते. कुरआनने सूरह निसामध्ये मुलींचा हिस्सा ठरवून दिला आहे आणि लग्नानंतरही बाईची मिळकत तिचीच राहते. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला. हे सांगितले की गटातील मुलांना अभिमान वाटतो, आणि वाटावा. परंतु मी तेथेच थांबत नाही. आपल्या घरांत वडील वारल्यावर बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात की नाही, हे मी विचारते. एकदा या प्रश्नावर एक मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘माझ्या अम्मीनं सही केली, तेव्हा मामूंनी तिला साडी दिली.’ त्या रविवारी आम्ही पुढचे प्रकरण वाचले नाही.

सहावी पायरी : ‘ऑथेल्लो’

शेक्सपिअर नाटकांतूनच वाचावा आणि मुस्लिम वाचकाने ‘ऑथेल्लो’पासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मराठी वाचकाची एक सोय अशी की हे नाटक आपल्या रंगभूमीवर फार पूर्वी आलेले आहे : गोविंद बल्लाळ देवल यांनी 1890 मध्ये त्यावरून ‘झुंझारराव’ लिहिले आणि पुढे वि. वा. शिरवाडकर यांनीही त्याचे मराठी रूप केले. आधी मराठी वाचून कथा डोक्यात बसवावी, मग टिपा असलेली इंग्रजी प्रत घेऊन एका बैठकीत एकच प्रवेश वाचावा, तोही मोठ्याने.

नाटकाचा नोंद असलेला पहिला प्रयोग 1 नोव्हेंबर 1604 रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाला. त्याच्या चारच वर्षे आधी मोरोक्कोचे सुलतान अहमद अल-मन्सूर यांचा वकील अब्दुल वाहिद स्पेनविरुद्ध तहाची बोलणी करायला राणी एलिझाबेथच्या दरबारी आला होता. पांढऱ्या पागोट्यातील त्याचे तैलचित्र आजही टिकून आहे. म्हणजे लंडनच्या लोकांनी प्रत्यक्ष मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील मुसलमान, पाहिला होता. नाटकातील ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्यातील मूर सेनापती; त्याच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात बायको डेस्डिमोना हिच्याविषयी संशय भरवतो.

वाचताना वहीच्या डाव्या पानावर एक नोंद अवश्य ठेवावी : ऑथेल्लोच्या रंगावरून आणि वंशावरून घाणेरडे शब्द कोणाच्या तोंडी आहेत? ते मुख्यतः इयागो, रोडेरिगो आणि चिडलेला सासरा ब्रॅबॅन्शियो यांच्या तोंडी आहेत. पात्र बोलते ते सगळे लेखकाचे मत नसते, हे या एका नाटकातून कायमचे शिकता येते.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश सावकाश वाचावा. इयागो थेट आरोप करत नाही. तो अर्धे वाक्य बोलून थांबतो, ऑथेल्लोचाच शब्द पुन्हा उच्चारतो, ‘जाऊ द्या’ म्हणतो आणि विष आत जाऊ देतो. ऑथेल्लो डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागतो, आणि त्याला मिळतो तो एक हातरुमाल. आता सूरह हुजुरात उघडावी. एखाद्या दुराचारी माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचे नुकसान कराल आणि मग केल्याचा पस्तावा होईल. फार संशय घेऊ नका, काही संशय पाप असतात. टेहळणी करू नका. या आज्ञा एकामागून एक मोडल्या की काय होते, ते हे नाटक दाखवते. सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आरोप करणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत, आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांच्यावरील बालंटाच्या प्रसंगी ते ऐकताच लोकांनी ‘हे उघड खोटे आहे’ असे का म्हटले नाही, असे विचारले आहे. डेस्डिमोनाच्या बाजूने इयागोची बायको एमिलिया चौथ्या अंकात बोलते, पण ऑथेल्लो ते मानत नाही; अखेरच्या अंकात ती सगळे उघड करते, तोवर उशीर झालेला असतो.

शेवटचे भाषण दुखवणारे आहे, म्हणून त्याची आधीच कल्पना देते. ऑथेल्लो सांगतो की अलेप्पोमध्ये एका पागोटेवाल्या तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली आणि राज्याची निंदा केली, तेव्हा मी त्याला गळा धरून भोसकले. आणि असे म्हणत तो स्वतःलाच खंजीर मारून घेतो. त्या तुर्काला तो सुंता झालेला कुत्रा म्हणतो. आमच्या गटातील एका मुलाने येथे पुस्तक मिटून ठेवले होते. मी त्याला ते लगेच उघडायला लावले नाही. पुढच्या रविवारी आम्ही ते भाषण पुन्हा वाचले. ऑथेल्लोचा बाप्तिस्मा झालेला आहे, हे दुसऱ्या अंकात इयागोच्या तोंडून कळते. म्हणजे तो व्हेनिसचा होण्यासाठी सगळे काही देऊन बसलेला माणूस आहे. मरताना तो तुर्काला मारणारा सैनिकही आहे आणि मारला जाणारा तुर्कही. शिवी तीच राहते, टोचायची थांबत नाही. पण ती कोणाला लागली हे पाहिल्यावर त्या मुलाने उजव्या बाजूची दोन पाने भरून लिहिले.

सातवी पायरी : ठेचा लागतील अशा जागा

येथून पुढे वाचक आपापली वाट निवडू शकतो, म्हणून मी थोडक्यात सांगते. डॅनिएल डीफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये (1719) नायक मोरोक्कोतील सॅली बंदराच्या चाच्यांचा गुलाम होतो, झुरी नावाच्या मुलाच्या मदतीने पळतो आणि पुढे त्याच मुलाला साठ नाण्यांना एका पोर्तुगीज कप्तानाला विकतो. ही कादंबरी वाचणाऱ्याने इब्न तुफैल या बाराव्या शतकातील अंदलुसी हकीमाची ‘हय्य इब्न यकजान’ ही कथाही शोधावी. हरिणीने वाढवलेला एक मुलगा निर्जन बेटावर निव्वळ विचाराच्या बळावर एका निर्मात्यापर्यंत पोहोचतो. सायमन ऑक्लेने केलेले तिचे इंग्रजी भाषांतर 1708 मध्ये, म्हणजे क्रूसोच्या अकरा वर्षे आधी निघाले होते.

शार्लट ब्रॉन्टेच्या ‘जेन एअर’मध्ये (1847) छोटी जेन अगदी पहिल्याच प्रकरणात खिडकीत मांडी घालून ‘तुर्कासारखी’ बसते. पुढे हरम आणि सुलतानांवर टोमणे आहेत, आणि एक पाद्री तिला हिंदुस्तानात धर्मप्रसारासाठी नेऊ पाहतो. हे टोमणे इंग्रजांच्या ऐकीव माहितीवर उभे आहेत, असे वहीत लिहून पुढे जावे. प्रिय माणसाची पहिली बायको जिवंत आहे आणि ते त्याने लपवले, हे कळताच जेन खिशात जेमतेम पैसे घेऊन घर सोडते. नियम हे मोह नसतानाच्या दिवसांसाठी नसतात, असे ती स्वतःला बजावते. ते प्रकरण मी प्रत्येक मुलीला वाचायला सांगते.

स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइलने 8 मे 1840 रोजी लंडनमध्ये पैगंबरांवर व्याख्यान दिले आणि त्यांना खोटे ठरवणाऱ्या आपल्याच लोकांना खडसावले, म्हणून आपल्याकडे ते फार आवडीने सांगितले जाते. त्याच व्याख्यानात त्याने कुरआन वाचायला कंटाळवाणा आणि विस्कळीत असल्याचेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये वहीत लिहावीत. एकच निवडून लोकांना सांगणे प्रामाणिक नाही.

आठवी पायरी : मिल्टन, पण घाई न करता

जॉन मिल्टनचे आदम आणि हव्वा यांच्या पतनावरील महाकाव्य ‘पॅरडाइज लॉस्ट’ (1667) निदान दोन वर्षांच्या वाचनानंतर घ्यावे. त्यात ईश्वर पात्र म्हणून बोलतो आणि त्याच्या पुत्राची कल्पना कथेच्या केंद्रस्थानी आहे; हे आपल्या तौहीदच्या, म्हणजे एकेश्वरवादाच्या, विरुद्ध आहे आणि ते ज्याला खटकणार नाही, त्याने हे काव्य अजून वाचू नये. खटकणाऱ्याने मात्र सूरह आराफ शेजारी ठेवून वाचावे. कुरआनमध्ये इब्लीस आदमला सजदा करत नाही, कारण ‘मी आगीचा, तो मातीचा’. मिल्टनचा सैतान पुत्राला दिलेल्या मानावरून बंड करतो. मिल्टनच्या काव्यात हव्वा एकटी आधी चुकते. आपल्याकडे दोघे एकत्र घसरतात आणि एकत्र म्हणतात, ‘हे आमच्या रब, आम्ही स्वतःवरच जुलूम केला.’ दहाव्या सर्गाच्या अखेरीस मिल्टनचे आदम आणि हव्वाही जमिनीवर डोके टेकून अश्रूंनी माती भिजवतात. नऊ हजारांहून अधिक ओळी वाचून तेथे पोहोचलेल्या माणसाला ती दुआ ओठांवर आल्याशिवाय राहत नाही.

नववी पायरी : मशिदीतील रात्र

ई. एम. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टू इंडिया’ (1924) मी शेवटी ठेवते. ती त्याने आपला मित्र, सर सय्यद अहमद खान यांचा नातू सय्यद रॉस मसूद याला अर्पण केली. तिचे तीन भाग आहेत : मशीद, गुहा आणि मंदिर. पहिल्या भागात डॉक्टर अजीज रात्री एकटा मशिदीत बसलेला असतो. खांबाआडून एक म्हातारी इंग्रज बाई पुढे येते. तो ओरडतो की ही मुसलमानांची पवित्र जागा आहे, तुम्ही बूट काढायला हवे होते. ती सांगते की काढले आहेत, दाराशी ठेवले आहेत. तो चकित होतो. इतक्या मडमा येतात, पण कोणी पाहायला नसताना बूट कोण काढते? ती म्हणते, ईश्वर येथे आहे. हा प्रवेश मोठ्याने वाचावा, अजीजचा राग आणि नंतरची शरम दोन्ही आवाजात आणून.

शेवटच्या पानावर अजीज आणि त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग घोड्यांवरून जात असतात आणि आता आपली मैत्री का होऊ शकत नाही, असे फील्डिंग विचारतो. तेव्हा घोडे आणि जमीन जणू ‘नाही, अजून नाही’ असे उत्तर देतात, आणि आकाश म्हणते, ‘नाही, तेथे नाही’. ते अंतर आज किती उरले आहे, आणि ते कोणाकोणामध्ये आहे, हा प्रश्न गटाला विचारून सगळ्यांना बोलू द्यावे. आम्ही त्या दिवशी न्याहारी करूनच जमतो आणि वह्याही सोबत आणतो, कारण ही चर्चा जुहरच्या अजानपर्यंत चालते.